राउटरच्या पोटातला वारा

निपाणीहून पुण्याला केलेला फोन असो की खानापुरातून भरलेलं वीजबिल, वाटेत ते कुठल्यातरी बंद खोलीतल्या मोठ्या राउटरमधून, म्हणजे माहितीला पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रातून, जातंच. यातले मोठे राउटर 10 किलोवॉटच्याही वर वीज खातात आणि त्या विजेची शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. ती बाहेर काढायची तर हवा लागते, आणि भरपूर लागते.

एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला साधारण 1.2 किलोज्यूल उष्णता पुरते. आत शिरणारी आणि बाहेर पडणारी हवा यांत 15 अंशांचा फरक चालेल असं धरलं, तरी 10 किलोवॉटसाठी दर सेकंदाला अर्ध्या घनमीटरहून जास्त हवा यंत्रातून जायला हवी. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचावर. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ असते, म्हणून तेवढीच उष्णता न्यायला पंख्यांना थोडी अधिक हवा ओढावी लागते.

पण नुसती हवा ओढून भागत नाही, ती योग्य वाटेनेच गेली पाहिजे. उसाला पाणी देताना पाट मध्येच फुटला की शेवटची सरी कोरडी राहते, इथेही तसंच होतं. एखादं कार्ड, म्हणजे राउटरच्या खाचेत बसणारी सर्किटची पाटी, काढलं आणि रिकाम्या खाचेवर पत्र्याची झाकणपट्टी लावली नाही, तर हवा त्या मोकळ्या जागेतून निघून जाते. शेजारच्या कार्डावर चिपा आणि त्यांची उष्णता हवेत सोडणारे धातूचे हीटसिंक दाटीवाटीने बसलेले असतात. तिथे अडथळा जास्त, म्हणून हवा तिकडे वळतच नाही. खोलीतला एसी 20 अंश दाखवत असतो आणि आत ते कार्ड भाजत असतं. माझ्या मते या खोल्यांमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे ही झाकणपट्टी.

आता बहुतेक मोठे राउटर पुढून हवा घेऊन मागे सोडतात. जुन्या काही यंत्रांत ती एका कुशीतून शिरून दुसऱ्या कुशीतून बाहेर पडते. अशी दोन यंत्रं शेजारी ठेवली की पहिल्याची गरम हवा थेट दुसऱ्याच्या पोटात.

मग पंखे जोरात फिरवावेत, असं वाटेल. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण पंख्यांची वीज आठपट लागते आणि आवाज साधारण 15 डेसिबलने चढतो. म्हणूनच यंत्रातले तापमापक पाहून पंखे गरजेपुरताच वेग घेतात. खोलीत शिरताच पंखे किंचाळताना ऐकू आले, तर आधी हवा आत शिरते तिथली धूळ अडवणारी जाळी बघावी.

आपल्या भागात जाळी लवकर तुंबते. बेळगावात वडगाव-शहापूरच्या कापड विणणाऱ्या मागांजवळ सुताची कुसं उडतात, निपाणीत तंबाखूची बारीक धूळ. बेळगावच्याच उद्यमबागेत लोखंड ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत, तिथली लोखंडी धूळ जास्त घातक, कारण तिच्यातून वीज वाहते. पावसाळी दमटपणात ती सर्किटवर चिकटली की गंज आणि शॉर्ट, दोन्हींची भीती.

पंखे बिघडले तर अख्खा फॅन ट्रे, म्हणजे पंखे बसवलेला खण, राउटर चालू ठेवूनच बदलता येतो. फक्त जुना ट्रे बाहेर आला की तिथे मोठं भोक पडतं आणि हवा पुन्हा तिथूनच पळते. उरलेले पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात, तरी हाताशी मोजकी मिनिटंच असतात. नवा ट्रे खोक्यातून काढून शेजारी ठेवल्यावरच जुन्याच्या स्क्रूला हात लावायचा. ट्रे अर्धवट ओढून पाती थांबेपर्यंत धीर धरायचा, मगच तो पूर्ण बाहेर घ्यायचा. उशीर झाला, तर तापलेली कार्डं स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात आणि त्यांच्यावरच्या सगळ्या लाइनी एकदम जातात.