रेल्वेपट्ट्यांची उद्याने व पायवाटा

शहरातील बंद पडलेला रेल्वेमार्ग, साइडिंग (मुख्य मार्गालगतचा जोडरूळ) किंवा मालधक्का (माल चढवण्या-उतरवण्याची जागा) यांच्या जमिनीवर बागा आणि चालण्या-सायकलीच्या वाटा करण्याची पद्धत. पॅरिसमध्ये १९६९ साली बंद झालेल्या मार्गाच्या कमानींवर अशी बाग झाली. न्यूयॉर्कच्या हाय लाइनवरून शेवटची गाडी १९८० मध्ये गेली आणि पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला. सिंगापूरने २०११ मध्ये गाड्या थांबलेला २४ किमीचा पट्टा जवळजवळ अखंड राखला, आणि या तिन्हींत तोच सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल.

या जमिनीचे खरे मोल तिच्या सलगपणात आहे. उदाहरणार्थ, नाशिक रोड स्थानक ते नाशिक शहरातील मेन रोड अशी घोड्यांची ट्राम १८८९ मध्ये सुरू झाली. रुळांतील अंतर अडीच फूट होते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली आणि तिची सलग अशी खूणही उरली नाही. असा पट्टा मधेच एका ठिकाणी तुटला, तरी तो पुन्हा जोडणे जवळपास अशक्य असते.

म्हणून पहिले काम मोजणी आणि मालकीचे. रूळ गंजले म्हणून मार्ग बंद ठरत नाही; रेल्वेने तो अधिकृतपणे सोडेपर्यंत तिथे फिरणे हा रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. नाशिक रोडचा भाग मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतो, त्यामुळे महापालिकेला करार तिथल्या प्रशासनाशी करावा लागतो.

बांधकामात सर्वाधिक चूक होते ती रुळांखालच्या खडीबाबत. विकता येते म्हणून ठेकेदार ती सगळी उचलतो. मग उघड्या पडलेल्या काळ्या मातीत पावसाळ्यात वाट खचते आणि उन्हाळ्यात भेगाळते. रूळ आणि स्लीपर (रुळांखालचे आडवे आधार) काढून खडी जागेवरच सपाट करावी, तिच्यावर मुरमाचा थर, वर सुमारे १० सेंमी दगडी कच पसरून पाणी मारत रोलरने दबाई करावी. वाट किमान ३ मीटर रुंद ठेवून दोन्ही बाजूंना २ टक्के उतार द्यावा. चढाची चिंता नसते: रेल्वेचा चढ मुळातच सौम्य, त्यामुळे चाकाच्या खुर्चीलाही तो झेपतो. जुन्या मोऱ्या, म्हणजे भरावाखालून पाणी जाण्याच्या वाटा, बुजवू नयेत. भरावाच्या वरच्या बाजूला पाणी तुंबले की भरावच वाहून जातो.

जुने लाकडी स्लीपर क्रिओसोट हे डांबरापासूनचे विषारी तेल मुरवलेले असतात. त्यांचे बाक किंवा वाफ्यांच्या कडा करणे दिसायला छान, पण घातक. जाळणे त्याहून वाईट. मालधक्क्याच्या मातीत तेल, शिसे आणि तणनाशकातला आर्सेनिक सापडू शकतो. माती तपासल्याशिवाय तिथे मुलांची खेळाची जागा करू नये.

झाडांसाठी खडीत १ मीटरचा खड्डा घेऊन तो पोयट्याच्या मातीने भरावा. करंज, कडुनिंब, बहावा, आपटा टिकतात, मोरीजवळ अर्जुन. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात आणि सुबाभूळ बी टाकून सारा भराव व्यापते. शेजारी चालू मार्ग असल्यास मजबूत कुंपण हवे, आणि उंच झाड पडले तरी २५ हजार व्होल्टच्या तारेवर येणार नाही इतके दूर लावावे.

मोऱ्यांची सफाई मे महिन्यातच उरकावी लागते. रोपांना निदान तीन उन्हाळे टँकरचे पाणी लागते, आणि त्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात नसली तर दुसऱ्या एप्रिलपर्यंत निम्मी लागवड वाळून गेलेली असते.