नोड डेटाबेसमधून काढला तरी परत का दिसतो? क्लिअर आणि पर्जची पार्श्वभूमी

नेटवर्कमधलं एखादं मशीन कायमचं बंद झालं, भंगारात गेलं, की त्याची नोंद काढून टाकायची, एवढं साधं काम. पण ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीये की काढलेला नोड (नेटवर्कमधल्या मशीनला नोड म्हणतात) कधीकधी आठवड्याभराने, कुणीतरी सर्व्हर रीबूट केला की पुन्हा लिस्टमध्ये हजर होतो. हे असं का होतं ते समजून घ्यायचं असेल तर मागे डेकनेटपर्यंत जावं लागतं, कारण तिथे हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे मांडलेला होता की माझ्या मते आजही नेटवर्क शिकणाऱ्याने तो एकदा बघावा.

डेकनेट म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, सगळे डेक म्हणायचे, त्या अमेरिकन कंपनीचं नेटवर्किंग. सुरुवात १९७५ च्या आसपास, पीडीपी-११ ही त्यांची मिनीकॉम्प्युटर मशीनं एकमेकांना जोडण्यापासून. डेकनेटच्या आवृत्त्यांना फेज म्हणायचे. फेज टू मध्ये ३२ नोडची मर्यादा होती, १९८० च्या फेज थ्री मध्ये २५५, म्हणजे कुठलं मशीन कुठलं हे अ‍ॅडमिनच्या डोक्यात राहू शकत होतं. मग फेज फोर आला, इथरनेट आलं आणि अ‍ॅड्रेस १६ बिटचा झाला, ६ बिट एरियासाठी, म्हणजे नोडच्या गटासाठी, आणि १० बिट नोडसाठी. ६३ एरिया, प्रत्येकात १०२३ नोड, गुणाकार केला तर ६४,४४९. आता डोक्यात ठेवणं शक्यच नाही, डेटाबेस हवाच.

आणि हा डेटाबेस प्रत्येक मशीनवर आपापला होता, मध्यवर्ती असं काही नाही. व्हीएमएसवर, म्हणजे डेकच्या व्हॅक्स मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, तर त्याच्याही दोन प्रती. एक कायमची, डिस्कवरच्या फाइलमध्ये, बाहेरच्या नोडसाठी नेटनोड_रिमोट.डॅट, आणि दुसरी चालू नेटवर्कच्या मेमरीतली, तिला व्होलाटाइल म्हणायचे. मशीन चालू होताना स्टार्टनेट.कॉम ही फाइल चालायची आणि कायमच्या प्रतीतले सगळे नोड मेमरीत भरायची.

एनसीपी या कंट्रोल प्रोग्रॅममध्ये या दोन प्रतींसाठी कमांडही वेगवेगळ्या होत्या. मेमरीत लिहायचं तर सेट, डिस्कवर लिहायचं तर डिफाइन. मेमरीतलं बघायचं तर शो, डिस्कवरचं बघायचं तर लिस्ट. आणि काढायचं असेल तर मेमरीतून क्लिअर, डिस्कवरून पर्ज. म्हणजे नुसतं क्लिअर केलं की नोड लगेच गायब, सगळं छान वाटतं, आणि पुढच्या रीबूटला तो परत येतो कारण फाइलमध्ये तो होताच. उलट नुसतं पर्ज केलं तर फाइल स्वच्छ पण चालू नेटवर्कमध्ये नाव तसंच. सोसायटीच्या गेटवरच्या पाटीवरून नाव पुसलं आणि ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये तसंच ठेवलं तर जे होईल तेच. दोन्ही कमांड द्याव्याच लागायच्या. मला यात कटकट दिसत नाही, काय कुठून काढतोय हे टाइप करणाऱ्याला प्रत्येक वेळी ठरवावं लागायचं, ही मोठी गोष्ट आहे.

आता त्या नोंदीत असायचं काय, कारण पर्जचं खरं गांभीर्य तिथे आहे. नाव, जास्तीत जास्त सहा अक्षरांचं, आणि १.५ सारखा अ‍ॅड्रेस, हे तर झालंच. पण त्याशिवाय तिकडे लॉगिन करायचे डिफॉल्ट युजरनेम-पासवर्ड असू शकायचे, टर्मिनल सर्व्हर (टर्मिनलं नेटवर्कला जोडणारा डबा) असेल तर त्याचा हार्डवेअर अ‍ॅड्रेस आणि त्याला कुठली फाइल लोड करून द्यायची तेही. डेकसर्व्हर या डेकच्या टर्मिनल सर्व्हरसारख्या डब्यांना स्वतःची डिस्क नव्हती, चालू झाले की ते नेटवर्कवर सॉफ्टवेअर मागायचे आणि जवळचं व्हॅक्स मशीन याच नोंदी बघून ते पाठवायचं. त्यामुळे डबा बदलला की जुना हार्डवेअर अ‍ॅड्रेस काढून नवा टाकावाच लागायचा, पण नाव आणि बाकीचं ठेवायचं असायचं. म्हणून पर्ज नोड एवढंच लिहून भागत नसे, पुढे कुठलं पॅरामीटर ते सांगायचं, किंवा मग ऑल.

हे ऑल जपून वापरायची गोष्ट होती. नोंदीत अ‍ॅक्सेस नावाचं एक पॅरामीटर असायचं, इनकमिंग, आउटगोइंग, बोथ किंवा नन. समजा कुणी एखाद्या संशयास्पद नोडला नन लावून अडवलंय, आणि नंतर साफसफाई करताना दुसऱ्याने त्या नोडची सगळी नोंद उडवली, तर त्याच्यासोबत तो अडसरही उडाला! मग त्या नोडला डिफॉल्ट लागू, आणि डिफॉल्ट बोथ असायचं, म्हणजे दार उघडं. नोंद काढली म्हणजे मशीन नेटवर्कबाहेर गेलं असं मुळीच नव्हतं, कारण रस्ता शोधण्याचं काम राउटिंगचं, नावांच्या डेटाबेसचं नाही. नाव गेलं तरी नंबर वापरून तिथे पोचता यायचं आणि तिथूनही इकडे येता यायचं.

आणखी एक भानगड म्हणजे कॉपी. शेकडो नोड प्रत्येक मशीनवर हाताने कोण टाकणार, म्हणून कॉपी नोन नोड्स ही कमांड होती, शेजारच्या मशीनवरून अख्खी यादी ओढून घ्यायची. सोय उत्तम, पण शेजाऱ्याकडे मेलेले नोड असतील तर तेही आपल्याकडे जिवंत होऊन यायचे. यासाठी त्या कमांडला विथ क्लिअर किंवा विथ पर्ज जोडायची सोय होती, आधी आपली जुनी यादी साफ आणि मग नवी. तरीही मूळ यादीच घाण असेल तर त्याला इलाज नाही, एका जागी शिस्तीने काढावंच लागतं.

पुढे फेज फाइव्हमध्ये एनसीपीची जागा एनसीएल या नव्या कंट्रोल भाषेने घेतली, नावं मध्यवर्ती नेमस्पेसमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक नावांच्या यादीत, ठेवायची सोय आली, नोंदवायला आणि काढायला डेकनेट_रजिस्टर हे टूल. पण मग कॅश, म्हणजे मिळालेली उत्तरं तात्पुरती साठवायची जागा, आला, म्हणजे मध्यवर्ती ठिकाणी काढलं तरी प्रत्येक मशीनच्या कॅशमध्ये जुनं उत्तर काही काळ शिल्लक, ते वेगळं फ्लश करायचं. दोन प्रतींचा प्रश्न सुटला नाही, जागा बदलली फक्त. तोवर आजच्या इंटरनेटच्या टीसीपी-आयपी प्रोटोकॉलने बाजी मारलीच होती, १९९८ मध्ये डेक कॉम्पॅककडे गेली आणि लिनक्स कर्नलमधला डेकनेटचा कोडही ६.१ आवृत्तीत, २०२२ मध्ये, काढून टाकला गेला.

प्रश्न मात्र सिस्कोच्या राउटरमधल्या रनिंग-कॉन्फिग (मेमरीतली चालू सेटिंग) आणि स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये (रीबूटला वाचली जाणारी जतन केलेली सेटिंग) जसाच्या तसा आहे. नेटवर्कच्या उपकरणांची सेटिंग दुरून बदलायच्या नेटकॉन्फ प्रोटोकॉलनेही रनिंग आणि स्टार्टअप असे वेगळे डेटास्टोअर मानले, आणि २०११ च्या आवृत्तीत तर डिलीटच्या जोडीला रिमूव्ह आलं. डिलीट केलं आणि ती गोष्ट तिथे नसेलच तर एरर मिळते, रिमूव्ह तेव्हा गप्प पुढे जातं. ज्यांना हजार राउटरवर एकच साफसफाईची स्क्रिप्ट चालवायचीये त्यांच्यासाठी हा फरक फार कामाचा.

अनेक मशीनवर मिळून सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कुबरनेटिसमध्येही तेच. त्याच्या क्यूबसीटीएल या कमांडने डिलीट नोड म्हटलं की एटसीडी या त्याच्या मध्यवर्ती डेटाबेसमधली नोंद जाते, पण त्या मशीनवर चालणारा क्यूबलेट हा प्रोग्रॅम मरत नाही, तो पुन्हा सुरू झाला की स्वतःच स्वतःची नोंद परत करतो. म्हणून आधी ड्रेन, म्हणजे तिथली चालू कामं दुसरीकडे हलवणं, मग त्या मशीनवर क्यूबअ‍ॅडम रिसेट, म्हणजे तिथलं कुबरनेटिसचं सेटअप पुसणं, आणि शेवटी डिलीट नोड, हाच क्रम ठेवायचा.