उष्णतेच्या लाटेत घरातल्या नाजूक माणसांना गार ठेवणं

उष्णतेच्या लाटेत घरातल्या नाजूक माणसांना गार ठेवणं : पारा चढलेला असताना म्हातारी माणसं, तान्ही बाळं, गरोदर बायका, अंथरुणाला खिळलेले पेशंट आणि जुनाट आजाराच्या गोळ्या चालू असलेले लोक यांच्या अंगातली उष्णता बाहेर पडत राहील अशी घरच्या घरी केलेली व्यवस्था. खोली थंड करणं हा यातला एक भाग झाला. खोली तापलेली असताना माणूस गार ठेवता येतो, आणि खोली बऱ्यापैकी वाटत असताना आतला माणूस हळूहळू तापत गेलाय हेही होतं, त्यामुळे जुन्या सल्ल्यांपेक्षा अलीकडचे सल्ले भिंतीवरच्या थर्मामीटरएवढंच माणसाकडेही बघायला सांगतात.

लाट कशाला म्हणायचं याची एकच व्याख्या नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नावावर सांगितली जाणारी जुनी व्याख्या अशी की सलग ५ दिवस कमाल तापमान सरासरीपेक्षा ५ अंश सेल्सिअसने जास्त राहिलं तर ती लाट. बाकी प्रत्येक देशाच्या हवामान खात्याचे आपापले आकडे आहेत. घराच्या दृष्टीने बघितलं तर या व्याख्यांमध्ये एक उणीव राहते, ती म्हणजे रात्र. भिंती आणि छत दिवसभर उष्णता पितात आणि रात्री ती आत सोडतात, आणि रात्रीचं किमान तापमान उतरलंच नाही तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यात खोलीसाठी दोन आकडे येतात, दिवसा ३२ अंशांच्या खाली आणि रात्री २४ अंशांच्या खाली. इंग्लंडमधल्या वृद्धाश्रमांना निदान एक खोली २६ अंशांच्या खाली ठेवायला सांगतात. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात म्हाताऱ्या लोकांना तासन्‌तास वेगवेगळ्या तापमानात बसवून केलेले प्रयोगही २६ च्याच बाजूने जातात. ३२ हा आकडा तसा ढिलाच म्हणायला हवा.

शरीरातली उष्णता कशी जाते : गाभ्याचं, म्हणजे शरीराच्या आतल्या भागाचं, तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं आणि उकाड्यात कातडीचं साधारण ३५. हवा यापेक्षा गार असेल तोवर उष्णता नुसती हवेतच निघून जाते. हवा ३५ ला पोचली की तो रस्ता बंद, उरतो फक्त घाम, आणि हवा त्याहून तापली की उलट बाहेरची उष्णताच अंगात शिरायला लागते. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. वाळला तर, हे महत्त्वाचं, कारण निथळून खाली पडलेल्या घामाचा काहीच उपयोग नसतो, आणि दमट हवेत तो निथळतोच. स्वस्थ पडून असलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरात ८० ते १०० वॅट उष्णता तयार होत असते, म्हणजे बाहेरून काही भर पडत नसेल तर तासाला १२० ते १५० मिली घाम वाळला तरी भागतं. तरुण माणसाला हे सहज जमतं. ज्याच्या घामग्रंथी थकल्यात, कातडीकडे रक्त ढकलायला हृदयात दम उरलेला नाही किंवा गोळ्यांनी घाम दाबलाय त्याला एवढंही जमत नाही.

उष्णता आणि दमटपणा एकत्र मोजायला वेट बल्ब तापमान वापरतात, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात दाखवतो तो आकडा. २०१० मध्ये शेरवूड आणि ह्यूबर या दोघांनी माणसाची वरची मर्यादा ३५ अंश वेट बल्ब अशी मांडली आणि तो आकडा खूप फिरला, पण तो गणिताने काढलेला होता. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण धडधाकट लोकांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दमट हवेत ही मर्यादा ३० ते ३१ च्या आसपासच निघाली, कोरड्या हवेत त्याहून खाली. म्हाताऱ्यांची आणखी खाली असणार यावर आता फारसा वाद नाही. घरातल्यांसाठी ३५ चा आकडा विसरलेलाच बरा.

कोण जास्त धोक्यात : वय हे सगळ्यात मोठं कारण. वयाबरोबर घाम कमी होतो, कातडीतला रक्तप्रवाह कमी होतो आणि तहानही कमी लागते. १९८४ च्या एका ब्रिटिश प्रयोगात तरुण आणि सत्तरीच्या आसपासच्या पुरुषांना २४ तास पाणी दिलं नव्हतं, तेव्हा म्हाताऱ्यांच्या शरीरातलं पाणी कमी झालेलं असूनही त्यांना तहान कमी जाणवली. मला काही होत नाही, कशाला उगाच पंखाबिंखा, असं आजोबा म्हणतात ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच जाणवत नसतं. तान्ह्या बाळाचं अंग वजनाच्या मानाने मोठं असतं म्हणून बाहेरची उष्णता त्याच्यात भराभर शिरते, शिवाय त्याला पाणी मागता येत नाही आणि पांघरूण काढता येत नाही. लघवी होण्याच्या गोळ्या, काही मानसिक आजारांची औषधं, बीटा ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयाच्या गोळ्या), लिथियम आणि घाम रोखणारी अँटिकोलिनर्जिक औषधं धोका वाढवतात, पण त्या स्वतःच्या मनाने बंद केल्या तर मूळ आजार उसळतो, तेव्हा डोस डॉक्टरांनाच ठरवू द्यावा. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात अंग तापलं की नजर तात्पुरती मंदावते; श्रमानंतर असं होतं हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहॉफ यांनी १८९० मध्ये नोंदलं होतं. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या जन्मजात आजाराच्या बाबतीत तर लाटेनेच आजाराची खूण दाखवून दिली, म्हणजे १९४८ च्या न्यूयॉर्कमधल्या उकाड्यात ही मुलं इतरांपेक्षा जास्त प्रमाणात कोसळून दवाखान्यात आली, आणि त्या धाग्यावरून पुढे १९५३ च्या सुमाराला त्यांच्या घामात मीठ जास्त असतं हे कळलं, जी चाचणी आजही निदानासाठी वापरतात.

माणसं बहुतेक घरातच दगावतात, उन्हात नाही, हे मोठ्या लाटांनी दाखवलं. १९९५ च्या जुलैत शिकागोत नेहमीपेक्षा ७०० च्या वर जास्त मृत्यू झाले, आणि नंतरच्या तपासात एकटं राहणारे, अंथरुणातून न उठणारे आणि वरच्या मजल्यावरचे लोक जास्त धोक्यात असल्याचं निघालं. २००३ च्या ऑगस्टमध्ये एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० आणि त्या उन्हाळ्यात युरोपभर ७०,००० च्या वर असे अंदाज आहेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ च्या लाटेत ६१९ लोक गेले, त्यातले ९८ टक्के घरात किंवा कुठल्यातरी छताखालीच होते. निम्म्याहून जास्त एकटे राहणारे होते, आणि मृतांमध्ये स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचे पेशंट त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त होते.

पंख्याचा वाद : विजेचा टेबलफॅन १८८२ ते १८८६ च्या दरम्यान अमेरिकेत आला असं धरतात, श्रेय बहुतेक जण श्युलर व्हीलर यांना देतात. इतकी जुनी वस्तू, तरी लाटेत ती म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर लावावी का यावर अजून एकमत नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी साधारण ३२ अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका म्हणते, जागतिक आरोग्य संघटना ४० पर्यंत चालेल म्हणते, आणि बरीच वर्षं ३५ हा आकडा चालत होता, कारण कातडीचं तापमान तेवढं. ३५ मागचा विचार सोपा आहे, हवा कातडीपेक्षा तापली की पंखा गरम हवाच अंगावर मारणार. पण यात घाम विसरला जातो. वारा लागला की घामही जास्त वाळतो, आणि बऱ्याच वेळा हा फायदा त्या तोट्यापेक्षा मोठा असतो.

२०१२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने सगळे पुरावे चाळले तेव्हा निकषात बसणारा एकही नीट तुलनात्मक प्रयोग सापडला नाही, म्हणजे तोवरचे सगळे आकडे अंदाजावर. मग प्रयोग सुरू झाले. २०१५ मध्ये तरुण पुरुषांना ३६ आणि ४२ अंशांत बसवून दमटपणा वाढवत नेला तर पंख्याने हृदयाचे ठोके आणि गाभ्याचं तापमान दोन्ही जास्त वेळ आटोक्यात राहिले. पुढच्याच वर्षी हाच प्रकार ४२ अंशांत म्हाताऱ्या लोकांवर केला आणि उलटं निघालं, पंख्याने दोन्ही वाढले. घाम पुरेसा नसेल तर वाळवायला काही उरतच नाही, नुसती भट्टीची हवा लागते. २०१९ च्या एका प्रयोगात ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत पंख्याने फायदा झाला पण ४७ अंश आणि १० टक्के आर्द्रतेत तोटा झाला, आणि गंमत म्हणजे हीट इंडेक्स (उष्णता आणि दमटपणा मिळून किती गरम जाणवतं तो आकडा) पहिल्या परिस्थितीचा ५६ होता आणि दुसरीचा ४६. म्हणजे हीट इंडेक्स बघून पंखा बंद करायचा हा नियम निदान त्या प्रयोगात तरी उलटाच पडला. २०२१ मध्ये नेथन मॉरिस, ऑली जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं गणितात बसवून तीन मर्यादा सुचवल्या : तरुणांना ३९, म्हाताऱ्यांना ३८, आणि अँटिकोलिनर्जिक गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्यांना ३७ अंश. हे आकडे वापरायला सोपे आहेत आणि सीडीसीच्या आकड्यापेक्षा जास्त पटतात. त्यावरही ओटावाच्या गटाची हरकत आहे. त्यांच्या २०२४ च्या प्रयोगात ३६ अंशांत ८ तास बसलेल्या म्हाताऱ्यांच्या गाभ्याच्या तापमानात पंख्याने दखल घ्यावी इतका फरक पडला नाही, मात्र त्यांना बरं वाटत होतं. बरं वाटणं आणि गार होणं यातली ही फट म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत महागात पडू शकते.

दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट एकच, की कातडी ओली असेल तर पंख्याचं काम बदलतं. अंगाला घाम येत नसेल तर नळाचं पाणी लावायचं. स्प्रेची बाटली, ओला स्पंज, भिजवून पिळलेला सुती सदरा, काहीही चालतं. मान, हात, पोटऱ्या आणि पाठ ओली करून पंखा तिरका लावावा, आणि कातडी कोरडी लागली की पुन्हा ओली करावी. हे दर काही मिनिटांनी करावं लागतं, म्हणजे शेजारी माणूस हवा. फार हवेशीर नसलेल्या खोलीत हे करताना खिडकीची फट ठेवावी नाहीतर सगळी वाफ आतच कोंडते. कूलरचंही तेच, कोरड्या हवेत उत्तम आणि दमट हवेत जवळजवळ निरुपयोगी. तान्ह्या बाळांवर असे प्रयोग करत नाहीत, तेव्हा मर्यादांचे हे आकडे मोठ्यांचे आहेत. बाळाच्या बाबतीत कपडे कमी, हवा खेळती आणि मानेच्या मागे हात लावून अंग तापलंय का बघणं हेच चालतं. बाबागाडीवर किंवा पाळण्यावर कोरडं फडकं टाकलं तर आतली हवा आणखी तापते, फडकं ओलं करून छोटा पंखा लावला तर उतरते, हे बाबागाड्यांवर मोजून बघितलेलं आहे.

घर : ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तर जास्त उपयोग, आतला पडदा लावेपर्यंत उष्णता आत आलेली असते. बाहेर आतल्यापेक्षा गरम असेल तोवर खिडक्या बंद, गार झालं की समोरासमोरच्या उघड्या. वरच्या मजल्यावर छत तापलेलं असताना सीलिंग फॅन तीच हवा खाली ढकलतो, म्हणून पेशंटचं अंथरूण खालच्या मजल्यावर किंवा सावलीच्या बाजूला हलवावं. थर्मामीटर हॉलमध्ये टांगून उपयोग नाही, तो उशीच्या उंचीवर, त्याच खोलीत हवा. एसी असेल तर प्रश्न बराचसा मिटतो. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये आधुनिक एसीची पहिली रचना केली ती ब्रुकलिनमधल्या छापखान्यासाठी, कागद दमटपणाने फुगू नये म्हणून. एसी नसेल तर दिवसातले २-३ तास गार जागी नेऊन आणायचं असा सल्ला सर्रास देतात. २०२३ च्या एका अभ्यासात असं दिसलं की परत उकाड्यात आल्यावर थोड्या वेळात गाभ्याचं तापमान पुन्हा चढलं. नेऊ नये असं नाही, पण संध्याकाळी परत आणल्यावर निर्धास्त राहू नये.

पाणी आणि औषधं : मागायची वाट न बघता थोडं थोडं देत राहावं. लघवी गडद पिवळी किंवा फार कमी होत असेल तर कमी पडतंय. ६ महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी देत नाहीत, अंगावरचं किंवा नेहमीचं दूध जास्त वेळा देतात. हृदय आणि किडनीच्या पेशंटना पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं, त्यांना भरपूर पाणी प्या हा सरसकट सल्ला घातक होऊ शकतो. चालू असलेली इन्सुलिन २५ ते ३० अंशांच्या वर टिकत नाही, हे बऱ्याचदा राहून जातं.

उष्माघात : गाभ्याचं तापमान ४० च्या वर आणि त्यासोबत असंबद्ध बोलणं, झटके किंवा शुद्ध हरपणं. घाम असला तरी उष्माघात असू शकतो. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो म्हणून आकड्यापेक्षा वागण्यातला बदल बघावा, सकाळी नीट बोलणारी आजी दुपारी नाव विसरली तर तेवढं पुरे. अँब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत कपडे सैल करून सगळं अंग ओलं करून जोराचा वारा घालायचा, मान काख जांघेत बर्फ असेल तर ठेवायचा. तरुण खेळाडूंना बर्फाच्या पाण्यात बुडवणं सगळ्यात जलद ठरतं, म्हाताऱ्यांना मात्र बरेच डॉक्टर पाणी आणि वाऱ्याची पद्धत पसंत करतात कारण बुडवलेल्या माणसाकडे लक्ष ठेवणं अवघड जातं. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी देऊ नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, कारण इथे मेंदूने तापमान वर नेलेलं नसतं, शरीराला ते खाली आणता येत नसतं.