हार्डवेअर घ्यायचं का सॉफ्टवेअर: पैसे भरण्याआधी हे वाचा

इलेक्ट्रॉनिक म्युझिक सुरू करायचंय, आधी सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य) घेऊ का सॉफ्टवेअर, हे जवळपास प्रत्येक नवीन ग्राहक विचारतो म्हणून एकदाच नीट लिहून देतोय. प्लगइन, ट्रॅक, बीपीएम हे तुम्हाला माहीत आहे असं धरलंय.

बरा लॅपटॉप आधीच हाताशी असेल तर सॉफ्टवेअरपासून सुरू करा. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी हे प्लगइनचं फॉरमॅट आणलं, आधी इफेक्ट आले, १९९९ पासून वाद्यंही आली, आणि आज सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथ किंवा व्हायटलची फुकट आवृत्ती घेतली तरी सिंथेसिस, म्हणजे आवाज घडवणं, शिकायला भरपूर आहे. रीपर हे डीएडब्ल्यू (ट्रॅक रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर) ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं, एफएल स्टुडिओच्या ट्रायलला तर मुदतच नाही, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट त्यात परत उघडत नाही. मॅकवाल्यांना गॅरेजबँड फुकटच. यातून आम्हाला काही मिळत नाही, तरी आधी हेच करून बघा म्हणतो, कारण महिनाभर काम केलेल्या माणसाला स्वतःलाच कळतं की त्याला काय कमी पडतंय.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे सगळ्यात जास्त फोन येतात आणि चांगल्या वस्तू "खराब आहे" म्हणून परत येतात. मिडीतून आवाज जात नाही. मिडी म्हणजे नोटेशनचा कागद, कुठला सूर, किती जोरात, कधी सोडला एवढंच त्यात असतं, वाजवणारा वेगळा लागतो. म्हणून मिडी कीबोर्ड नुसता स्पीकरला जोडायला गेलात तर काहीच वाजणार नाही, त्याच्या आत आवाज तयार करणारं काही नसतंच, तो लॅपटॉपला लावायचा आणि डीएडब्ल्यूमध्ये वाद्य उघडून तो ट्रॅक आर्म करायचा, म्हणजे रेकॉर्डिंगला तयार ठेवायचा. उलट बाजूने, हार्डवेअर सिंथ यूएसबीने लॅपटॉपला जोडला, नोट्स रेकॉर्ड झालेल्या दिसतात, पण ट्रॅक एक्स्पोर्ट केला तर फाइल पूर्ण शांत! बऱ्याच सिंथमध्ये ती यूएसबी फक्त मिडीची असते, आवाज मागच्या आउटपुटमधून वेगळ्या केबलने ऑडिओ इंटरफेसमध्ये (बाहेरचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा आणि बाहेर देणारा डबा) घ्यावा लागतो. काही मशीन यूएसबीवरून ऑडिओही देतात पण ते गृहीत धरू नका, मॅन्युअलमध्ये बघा. आणि सिंथ स्टिरिओ असेल तर दोन इनपुट त्यालाच जातात, म्हणजे दोन इनपुटच्या इंटरफेसवर माइकला जागा उरत नाही, हे घेतानाच लक्षात घ्या.

याच्याच पुढची तक्रार, "प्रत्येक सूर दोनदा वाजतो, आवाज पोकळ येतो." तुम्ही की दाबली की सिंथ स्वतः वाजवतो, तीच नोट डीएडब्ल्यूमधून फिरून परत येते आणि तो पुन्हा वाजवतो, त्यामुळे एकावेळी जितके सूर वाजू शकतात तेही निम्म्यावर येतात. सिंथच्या मेनूत लोकल कंट्रोल (सिंथच्या की थेट त्याच्याच आवाजाला जोडणारी सेटिंग) शोधा आणि ऑफ करा, बस. मशीन दुरुस्तीला पाठवायची गरज नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांचं दुखणं वेगळं, की दाबल्यावर आवाज उशिरा येतो. बफर, म्हणजे आवाज पुढे देण्याआधी कॉम्प्युटर जेवढे सॅम्पल साठवतो तो आकडा, १०२४ वर असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला नुसत्या बफरचेच साधारण २३ मिलिसेकंद जातात, २५६ वर जेमतेम ६. वाजवताना बफर कमी ठेवा, मिक्स करताना वाढवा, आणि विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारा) टाका. इंटरफेस आम्ही आग्रहाने का सुचवतो ते यावरून कळेल, वस्तू खपवायची म्हणून नाही सुचवत, सिंथ आज घ्या नाहीतर दोन वर्षांनी, लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचं तर इंटरफेस दोन्हीकडे लागतोच.

मग हार्डवेअर कोणी घ्यावं? ज्याचा दिवस कॉम्प्युटरसमोरच जातो आणि संध्याकाळी परत स्क्रीन नको वाटते त्याने जरूर घ्यावं, एक ग्रूव्हबॉक्स (कॉम्प्युटरशिवाय बीट आणि सूर रचता येतात असं मशीन), हेडफोन, झालं. लाइव्ह वाजवणाऱ्यांनीही. फिल्टरची नॉब हाताने फिरवत बसलं की कान फार लवकर तयार होतो, हे आम्ही मनापासून सांगतो. पण एकावेळी एकच मशीन घ्या आणि ते पूर्ण शिका. आणि हे ध्यानात असू द्या की डीएडब्ल्यूमध्ये प्रोजेक्ट उघडला की सगळं जसंच्या तसं परत येतं, मेमरी नसलेल्या अॅनालॉग सिंथवर नाही, तिथे आवडलेला आवाज लगेच रेकॉर्ड करून ठेवा नाहीतर नॉबचे फोटो काढा.

काहींना राग येतो की साधा कीबोर्ड मागितला तर आम्ही दहा प्रश्न विचारतो, लॅपटॉप कुठला, रॅम किती, ऐकणार कशावर. विचारू द्या, त्या पाच मिनिटांत तुमची परत यायची फेरी वाचते. क्रॅक केलेले प्लगइन पेनड्राइव्हवर मागू नका, देत नाही. सॉफ्टवेअरचा सिरियल नंबर एकदा रजिस्टर झाला की परत घेता येत नाही, म्हणून आधी ट्रायल वापरा. बऱ्याच मिडी कीबोर्डबरोबर एबलटन लाइव्ह लाइट हे डीएडब्ल्यू मिळतं, वेगळं काही विकत घेण्याआधी खोक्यातलं ते कार्ड बघा, लोक ते खोक्यासकट टाकून देतात.

येताना लॅपटॉप आणि चार्जर घेऊन या. कीबोर्ड, इंटरफेस, सिंथ जे घ्याल ते तुमच्याच मशीनला जोडून, ड्रायव्हर टाकून, एक ट्रॅक रेकॉर्ड आणि एक्स्पोर्ट करून दाखवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.