बिजागरीची रेषा

रविवार पेठेत बोहरी आळीत गेलं की पियानो बिजागरी हवी तेवढी कापून मिळते. ॲल्युमिनियमची, स्टीलची, पितळेची. घरी विमान बांधणाऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये फ्लॅपला किंवा एलेरॉनला, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्यांना, जी बिजागरी दाखवलेली असते, ती दिसायला अगदी हीच: दोन पट्ट्या, कडेला एकाआड एक गुंफलेले डोळे आणि त्यांतून गेलेली लांब सळई. मग तीच वस्तू कागदपत्रांसकट परदेशातून कशाला मागवायची, असा प्रश्न विमान बांधायला घेतलेला पुणेकर कधी ना कधी विचारतोच. आणि पुणेकरच तो, नुसत्या 'चालत नाही' या उत्तरावर त्याचं समाधान होत नाही. कारण सांगायचं तर शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या पंखांना बिजागरी नव्हतीच. विमान डावीकडे-उजवीकडे कलतं करायला ते तारा ओढून अख्खा पंख पिळत. लाकडी सांगाडा आणि वर मलमलीचं कापड, पंख मुळातच लवचीक, त्यामुळे पिळणं जमून जाई. या पद्धतीचं पेटंट त्यांना मे १९०६ मध्ये मिळालं आणि पुढची काही वर्षं अमेरिकेतली विमानविद्या हवेत कमी आणि कोर्टात जास्त राहिली.

पंखाच्या टोकाशी वेगळी फळी लावायची आणि तिलाच वर-खाली हलवायचं, ही कल्पना खरं तर त्याहून जुनी. इंग्लंडच्या मॅथ्यू बोल्टननं १८६८ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. विमानाचाच पत्ता नव्हता, त्यामुळे ते कागद धूळ खात पडले. १९०४ मध्ये फ्रान्सच्या रोबेर एस्नो-पेल्तरीनं ती ग्लायडरवर आजमावली. १९०८ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या मंडळींनी, टेलिफोनवाले तेच, 'व्हाइट विंग' नावाच्या विमानाला एलेरॉन लावले. पंख ताठ आणि जड होत गेले तसं पिळणं मागे पडलं आणि पहिलं महायुद्ध सुरू असतानाच बिजागरीवरचा एलेरॉन हा रिवाज होऊन बसला.

या बदलात एक गोष्ट गुपचूप आत शिरली. पिळल्या जाणाऱ्या पंखात सुटा भाग नव्हता. आता मात्र स्वतःचं वजन असलेला, मोकळा हलणारा एक तुकडा पंखाला आणि शेपटीला लटकत होता आणि त्याला आवरायला होत्या फक्त तारा.

त्याची किंमत १९१६ मध्ये कळली. ब्रिटनच्या हँडली पेज कंपनीच्या दोन इंजिनांच्या बॉम्बर विमानाची शेपटी उड्डाणात जोरजोरानं पिळवटू लागली. हे कोडं फ्रेडरिक लँचेस्टरकडे आलं. मोटारगाड्या बनवणारा हा माणूस विमानाच्या गणितातही मुरलेला होता. त्याच्या ध्यानात आलं की शेपटीवरचे डावा आणि उजवा एलिव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या फळ्या, एकमेकांना जोडलेलेच नाहीत. दोघांना वैमानिकाच्या दांड्याकडून वेगवेगळ्या तारा आलेल्या. त्यामुळे एक वर जाताना दुसरा खाली जाऊ शकत होता, त्यानं धड पिळलं जाई, आणि पिळलेलं धड उलट फिरताना एलिव्हेटरना पुन्हा हेलकावा देई. उपाय अगदी साधा निघाला: दोन्ही एलिव्हेटर एका ताठ नळीनं जोडा. पुढच्याच वर्षी डीएच-९ विमानात तोच आजार दिसला, माणसं गेली, आणि औषधही तेच लागलं. आजच्या ड्रॉइंगमध्ये दोन एलिव्हेटरच्या मधे ही जोडनळी, म्हणजे टॉर्क ट्यूब, दिसली की 'वजन वाचवायला ही बारीक करू का' असं कुणीतरी विचारतं. करू नये.

पुढचा धडा डच लोकांचा, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा. व्हान बेर्केल कंपनीच्या एका समुद्री विमानाच्या पंखाला आणि एलेरॉनला मिळून फ्लटर, म्हणजे आपोआप वाढत जाणारी फडफड, होत होता. फोन बाउमहाउअर आणि कोनिंग या दोघांनी तो प्रयोगानं आणि गणितानं तपासला आणि १९२३ मध्ये निष्कर्ष मांडले. एलेरॉनचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या रेषेच्या मागे असेल, तर पंख झटक्यानं वर गेला की एलेरॉन मागे रेंगाळतो, म्हणजे पंखाच्या मानानं खाली जातो. खाली गेलेला एलेरॉन पंखाला आणखी वर ढकलतो. पंख परतीला लागला की हेच उलट्या बाजूनं. कमी वेगात हे हेलकावे आपोआप विरतात. एका ठरावीक वेगाच्या पुढे मात्र ते हवेतून जोर घेऊन वाढत जातात, आणि वैमानिकाला काही सुचायच्या आत पंख मोडू शकतो. बिजागरीच्या पुढे शिसं लावून गुरुत्वमध्य रेषेवर आणला, की पंख आणि एलेरॉन यांची ही संगत तुटते. यालाच मास बॅलन्स म्हणतात. १९२९ मध्ये ब्रिटनच्या फ्रेझर आणि डंकन यांनी पंखांच्या फ्लटरवर जो विस्तृत अहवाल लिहिला, तो पुढे या विषयाची पोथीच मानला गेला. त्यातही हा तोल आहेच.

इथं एक गल्लत नेहमी होते. एलेरॉनचा थोडा भाग बिजागरीच्या पुढे काढला की हाताला जोर कमी लागतो. लेस्ली फ्राइजच्या नावानं ओळखला जाणारा एलेरॉन याच जातीचा: बिजागरी मागे सरकवलेली, त्यामुळे एलेरॉन वर गेला की त्याची पुढची कड पंखाखाली डोकावते आणि त्या बाजूला ओढ निर्माण करून विमानाचं तोंड उलट दिशेला वळू देत नाही. हा हवेचा तोल. शिशाचा तोल निराळा. पहिल्यानं मनगट वाचतं, दुसऱ्यानं पंख. एक आहे म्हणून दुसरा नको, असं होत नाही.

आता खुद्द बिजागरी. बोहरी आळीतली पट्टी बहुधा पत्रा वळवून केलेली असते. डोळा म्हणजे पत्र्याची गुंडाळी, जास्त जोर आला की उलगडणारी. विमानासाठी वळवलेली आणि एक्स्ट्रूड केलेली, म्हणजे साच्यातून दाबून काढलेली, अशा दोन्ही जाती मिळतात. दुसरीत डोळा आणि पट्टी एकसंध असतात. कुठं कुठली हे डिझाइन करणाऱ्यानं ठरवलेलं असतं. पण खरा फरक कागदाचा आहे. पेठेतल्या पट्टीचा मिश्रधातू कोणता, हे दुकानदाराला माहीत नसतं आणि त्याला ते माहीत असायचं कारणही नाही. ॲल्युमिनियमच्या स्पारवर, म्हणजे पंखाच्या आतल्या तुळईवर, पितळेची किंवा साध्या लोखंडाची बिजागरी ठोकली तर पुण्याचे दोन पावसाळे तिथं गंजाची पांढरी पूड करायला पुरेसे आहेत.

दुसरा मुद्दा वाकण्याचा. उड्डाणात पंख वर वाकतो. त्याच्या कडेला बसवलेली लांब सरळ सळई वाकायला नाखूश असते. त्यातून लांब बिजागरी तुकड्यांत बसवायची पद्धत आली. दुसरी वाट म्हणजे दोन-तीन ठिकाणीच आधार द्यायचा आणि प्रत्येक आधारात कुठल्याही बाजूला थोडं कलणारं गोल बेअरिंग वापरायचं. हे रॉड एंड बेअरिंग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांत रुळलं. अमेरिकेत त्याला बनवणाऱ्या कंपनीवरून आजही हाइम जॉइंट म्हणतात.

बसवताना सगळा खेळ रेषेचा. दोन बिजागऱ्यांमधून सरळ रेषा जातेच. भांडण तिसरीशी असतं. मधली बिजागरी जराशी वर किंवा मागे असली तरी एलेरॉन फिरताना अडतो, आणि जोरानं फिरवला तर ब्रॅकेटला रोज थोडा थोडा वाक देत राहतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी चीर अशीच सुरू होते. म्हणून टोकाच्या दोन बिजागऱ्यांमधून दोरा ताणायचा किंवा सगळ्यांतून एकच सरळ सळई घालायची, मधली तिच्यावर आणायची, आधी बारीक भोक पाडायचं आणि सगळं जुळल्यावरच रीमर फिरवून भोक मापाला आणायचं. तारा आणि तोलाचं शिसं जोडण्याआधी एलेरॉन स्वतःच्या वजनानं, कुठंही न अडखळता खाली पडला पाहिजे.

नट-बोल्टचे नियमही असेच अनुभवातून आलेले. जिथं बोल्ट किंवा नट फिरू शकतो तिथं नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) वापरायचा नाही, कॅसल नट (खाचांचा) आणि त्या खाचेतून जाणारी स्प्लिट पिनच हवी, असं अमेरिकी विमान प्रशासनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. रॉड एंडच्या मोकळ्या बाजूला मोठा वॉशर लावतात, तो बेअरिंगची कडी फुटली तरी जोड सुटून येऊ नये म्हणून. पियानो बिजागरीच्या सळईची टोकं वाकवून तारेनं बांधतात. न बांधलेली सळई थरथरीनं हळूहळू बाहेर सरकते.

हौशी बांधणाऱ्यांच्या जगात हे सगळं उशिरा पोचलं. १९२९ चं बर्नार्ड पीटनपोलचं 'एअर कँपर' लाकूड-कापडाचं आणि संथ, त्यामुळे बरंच काही खपून जायचं. १९३३ मध्ये आंरी मिन्येनं एलेरॉन काढूनच टाकले आणि पुढचा अख्खा पंखच फिरता केला. त्या विमानाला पुढे वेगळ्याच कारणानं अपघात झाले आणि काही देशांनी त्यावर बंदी घातली. १९५३ मध्ये अमेरिकेत एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन झाली आणि एका गॅरेजमधली चूक दुसऱ्या गॅरेजला कळायची सोय झाली.

तरीही २००९ उजाडलंच. झेनिथ सीएच ६०१ एक्सएल हे लोकप्रिय छोटं विमान. किटमधून बांधता येई, तयारही मिळे. त्याच्या एलेरॉनला मूळ डिझाइनमध्ये मास बॅलन्स नव्हता. काही विमानांत तर बिजागरीही नव्हती, पंखाचा पत्राच त्या कडेला वाकायचा. २००६ पासून अशी सहा विमानं हवेत मोडली आणि दहा माणसं गेली. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं फ्लटरकडे बोट दाखवून ही विमानं जमिनीवर ठेवा असं सुचवलं. तारांचा ताण बरोबर ठेवला तर फ्लटर होत नाही, असं उत्पादकाचं म्हणणं होतं. वर्षअखेरीस विमान प्रशासनानं पंखाच्या मजबुतीवरही प्रश्न उभे केले, आणि जी दुरुस्ती ठरली तिच्यात पंख बळकट करण्याबरोबर एलेरॉनला वजनं लावणंही आलं. फक्त तारांच्या ताणावर भिस्त ठेवणं मला तरी कधी पटलेलं नाही: तार सैल होते, ऋतूप्रमाणे बदलते. शिसं जागेवर राहतं.

पुण्याला हा विषय अगदीच परका नाही, आणि त्याला कारण हडपसरचं ग्लायडिंग सेंटर. नागरी विमान वाहतूक खात्याच्या दिल्लीतल्या टेक्निकल सेंटरमध्ये एस. राममृतम यांनी पन्नास-साठच्या दशकांत अश्विनी, रोहिणी, कार्तिक अशी नक्षत्रांच्या नावांची ग्लायडर घडवली, तो सगळा काळ लाकूडकामाचा होता. ग्लायडरचे पंख काढून पुन्हा जोडावे लागतात, त्यामुळे ग्लायडिंग सेंटरच्या माणसांना पिन आणि जोड तपासायची सवयच असते. एक जण एलेरॉन हातानं घट्ट धरतो, दुसरा कॉकपिटमधून दांडा हलवतो, आणि जोर पोचतो का, खेळ किती आहे, हे दोघांनाही हाताला कळतं. घरी विमान बांधणाऱ्यानं ही पद्धत जशीच्या तशी उचलावी.

कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव २०१६ च्या मुंबईतल्या प्रदर्शनामुळे घराघरांत पोचले. उड्डाणाची परवानगी मिळायला त्यांना २०१९ पर्यंत वाट पाहावी लागली. विमान बांधायला घेणाऱ्यानं हे गृहीतच धरावं, आणि प्रत्येक बिजागरीचा फोटो, बोल्टचं बिल, भोकाचं माप पत्र्याखाली झाकलं जाण्याआधी वहीत उतरवून ठेवावं.

राहता राहिला रंग. एलेरॉनचा बिजागरीच्या मागचा भाग पुढच्यापेक्षा बराच मोठा असतो, त्यामुळे पुटी आणि रंग यांचं वजन मागेच वाढतं आणि आधी जमवलेला तोल बिघडतो. रंग वाळल्यावर एलेरॉन बिजागरीच्या रेषेवर टेकवून पुन्हा तोलायचा, आकडा पुन्हा लिहायचा, लागेल तेवढं शिसं वाढवायचं. पुण्यात गाड्यांचं रंगकाम करणारे कारागीर उत्तम आहेत, पण चकाकी यावी म्हणून दोन हात जास्त मारण्याकडे त्यांचा कल असतो. एलेरॉन त्यांच्या हाती सोपवताना किती हात मारायचे ते कागदावर लिहून द्यावं.