गोड्या समुद्राकाठची वस्ती

आचे या नावाने आपल्याला आठवते ती 2004 सालची त्सुनामी. इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकावरील या प्रांताचा किनारा त्या एका दिवसाने जगाच्या नकाशावर आला. किनाऱ्यावरील बिरुएन गावातून दक्षिणेकडे घाट चढत गेलेला सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता ज्या मुलखात जातो, तो मात्र त्या नकाशाबाहेरच राहिला. हा गायो लोकांचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या मध्यभागी, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर, जवळपास 17 किलोमीटर लांबीचे एक सरोवर पसरले आहे आणि त्याचे नाव लाउत तावर, म्हणजे शब्दशः ‘अळणी समुद्र’ असे आहे. सरोवराच्या पश्चिम टोकाला ताकेंगोन हे जिल्ह्याचे ठिकाण वसले आहे, आणि तेथून उत्तर काठाने थोडे पुढे गेले की केबायाकान तालुक्यातील मेंदाले ही वस्ती लागते. पाण्याला लागून घरे, मागे चढत गेलेले कॉफीचे मळे, त्यांच्यावर सूचिपर्णी वृक्षांनी भरलेले उतार, असे तिचे साधे रूप आहे.

या वस्तीचे जीवन समजून घ्यायचे असेल, तर आधी तिची उंची लक्षात घ्यावी लागते. हा प्रदेश विषुववृत्तापासून जेमतेम साडेचार अंश उत्तरेला असल्यामुळे येथे आपल्यासारखा हिवाळा नाही आणि वैशाखही नाही. हवामान ठरवते ते ऋतूंपेक्षा उंचीने. दर हजार मीटर चढाला तापमान साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, हे गणित येथे लावले, तर किनाऱ्यावरील सत्तावीस अंशांच्या सरासरीतून सुमारे आठ अंश वजा होतात आणि वर्षभर विसाच्या आसपासचा गारवा उरतो. नारळ आणि सुपारी खाली राहतात. भात अजून पिकतो. आणि अरेबिका जातीच्या कॉफीला तर याहून अनुकूल हवा मिळणे कठीण आहे.

मेंदालेजवळ चुनखडीच्या डोंगरात नैसर्गिक कपारी आहेत. गायो भाषेत गुहेला ‘लोयांग’ म्हणतात. लोयांग मेंदाले आणि जवळचीच लोयांग उजुंग कारांग या ठिकाणी मेदान शहरातील पुरातत्त्व केंद्राच्या संशोधकांनी 2009 च्या सुमारास उत्खनन सुरू केले. पाय दुमडून पुरलेले मानवी सांगाडे, मातीची भांडी आणि दगडी कुऱ्हाडी अशा वस्तू तेथे सापडल्या, आणि त्यांच्या कालमापनातून या काठावर माणसाचा वावर हजारो वर्षांपासून असल्याचे दिसून आले. जागेची निवड पाहिली की त्या माणसांचे कौतुक वाटते. समोर मासळी, पाठीशी पावसापासून आडोसा आणि वर शिकारीचे रान, अशी सोय त्यांनी हेरली होती. मात्र त्या सांगाड्यांना आजच्या गावकऱ्यांचे थेट पूर्वज ठरवण्याची जी घाई अनेकदा केली जाते, तिच्यापासून थोडे दूर राहिलेले बरे, कारण एखादा माणूस कोणती भाषा बोलत होता, हे त्याच्या हाडांवर लिहिलेले नसते.

भाषेचा इतिहास भाषेतूनच शोधावा लागतो. गायो ही ऑस्ट्रोनेशियन कुळातील भाषा आहे. सारा, रोआ, तुलु, ओपात, लिमे, ओनोम, पितु हे तिचे एक ते सात अंक आहेत. आफ्रिकेलगतच्या मादागास्कर बेटावर सातला ‘फितु’ म्हणतात आणि पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर पाचला ‘लिमा’ म्हणतात. तेव्हा हे अंक किती लांबचा प्रवास केलेल्या खलाशांचे आहेत, हे ध्यानात येते. याउलट किनाऱ्यावरील शेजाऱ्यांची आचेनीज भाषा त्याच कुळातील असली, तरी तिचे जवळचे नाते व्हिएतनाममधील चाम लोकांच्या भाषेशी आहे, गायोशी नाही. शंभर किलोमीटरचा घाट दोन भाषांना इतके वेगळे ठेवू शकला. संस्कृतातून आलेले शब्दही येथे पोहोचले, पण उच्चार बदलून. आपला ‘राजा’ येथे ‘रेजे’ झाला. गावाच्या पारंपरिक कारभारात हा रेजे, ज्येष्ठ जाणकार म्हणजे पेतुए, इमाम म्हणजे इमेम आणि रयत असे चार घटक असतात आणि त्या व्यवस्थेला ‘साराक ओपात’ म्हणतात. त्यातील ओपात म्हणजे वर आलेला चारचा अंकच होय.

कॉफी ही या मानाने कालची गोष्ट आहे. 1904 मध्ये डच सैन्याने हा मुलूख जिंकला तो शेजारच्या आलास खोऱ्यासह गावेच्या गावे कापून काढून. त्या मोहिमेत स्त्रिया आणि मुले धरून हजारो माणसे मारली गेली. त्यानंतर रस्ता आला आणि रस्त्यामागून मळे आले. मळे सुरुवातीला गोऱ्यांचे होते. पुढे झाड शेतकऱ्याच्या परड्यात उतरले आणि आज गायो कॉफी जवळजवळ पूर्णपणे एकेक हेक्टरच्या आसपासच्या लहान खातेदारांच्या हातात आहे. मळ्यावर सावली धरायला ‘लामतोरो’ नावाचे झाड लावतात. मराठी शेतकऱ्याला ते नावाने परके वाटले, तरी पाहताक्षणी ओळखू येईल, कारण ती आपल्या बांधावरची सुबाभूळ आहे. शेंगावर्गीय असल्याने तिच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, गळलेल्या पाल्याचे खत होते आणि विरळ सावलीखाली कॉफीला हवे तेवढेच ऊन मिळते.

महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला साधारण अशाच उंचीवर कॉफी होते. परंतु तेथे पावसाळा, थंडी आणि उन्हाळा हे चक्र झाडाला फुलण्याची वेळ सांगते. गायो प्रदेशात असा स्पष्ट इशारा नसल्यामुळे झाड पुन्हा पुन्हा फुलते. एकाच फांदीवर कळी, हिरवे फळ आणि पिकलेले लाल फळ एकत्र दिसते, आणि लाल तेवढे वेचण्यासाठी बायामाणसांना महिनोन्महिने त्याच झाडाकडे परत जावे लागते.

खरी गंमत तोडणीनंतर घडते. जगात बहुतेक ठिकाणी फळाचा गर काढून धुतलेली बी तिच्या कडक टरफलासकट वाळवतात. आतील ओलावा अकरा-बारा टक्क्यांवर आला की मगच ते टरफल सडून, म्हणजे कांडून, काढतात. या मुलखात दुपारनंतर ढग उतरतात आणि पाऊस कधीही येतो, त्यामुळे टरफलातील बी तशी वाळायला आठवडे लागले असते आणि तोवर तिला बुरशी धरली असती. शिवाय लहान शेतकऱ्याला पैशांसाठी तेवढे थांबणेही परवडत नाही. म्हणून येथे ‘गिलिंग बासाह’, म्हणजे ‘ओले सडणे’, ही पद्धत रूढ झाली. शेतकरी फळ तोडल्या दिवशीच घरच्या यंत्रावर गर काढतो, बी रातभर आंबवतो, सकाळी धुतो, काही तास उन्हात टाकतो आणि ओलसर असतानाच गावच्या व्यापाऱ्याला विकतो. टरफलातील या बीला ‘गाबाह’ म्हणतात आणि हाच शब्द इंडोनेशियात न सडलेल्या भातालाही वापरतात. कॉफी नवी असली तरी तिला हाताळणारी भाषा भातशेतीचीच राहिली, ही मला या सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

व्यापारी ती थोडी आणखी वाळवतो आणि ओलावा तीस-पस्तीस टक्के असतानाच टरफल उतरवतो. उघडी झालेली मऊ बी आता अंगणातील ताडपत्रीवर भराभर वाळते, कारण पाण्याची वाट अडवणारे कवच उरलेले नसते. या घाईची खूण दाण्यावर राहते. त्याचा रंग निळसर हिरवा होतो आणि यंत्राच्या दाबाने काही मऊ दाण्यांचे टोक फाटून त्यांना शेळीच्या खुरासारखा आकार येतो. चवीतही फरक पडतो. आंबटपणा कमी होतो, जडपणा वाढतो आणि ओल्या मातीची, वनस्पतींची आठवण करून देणारा गंध उतरतो. दूरच्या शहरांतील रसिक ज्या चवीला सुमात्राचे वैशिष्ट्य म्हणून दाद देतात, तिचे निम्मे श्रेय या काठावरच्या ढगांना आणि रोख पैशांच्या निकडीला द्यावे लागेल. 2010 मध्ये इंडोनेशियाने गायो अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन दिले. 2017 मध्ये युरोपीय संघानेही ते मान्य केले.

झाडांचा वंशही जाणून घेण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांबेरा रोगाने श्रीलंकेतील आणि मग जावामधील अरेबिकाचे मळे उद्ध्वस्त केले. अरेबिकाच्या पेशीत 44 गुणसूत्रे असतात आणि रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीच्या पेशीत 22, त्यामुळे दोघांचा संकर सहसा होत नाही. परंतु तिमोर बेटावर तो आपोआप घडला आणि त्या झाडाला रोबस्टाची तांबेऱ्याला तोंड देण्याची ताकद मिळाली. त्याचे वंशज येथे ‘तिमतिम’ या लाडक्या नावाने लावले जातात. पुढे त्याच संकरातून निघालेल्या बुटक्या वाणाला ‘आतेंग’ हे नाव पडले. ते आचे तेंगाह, म्हणजे मध्य आचे, या जिल्ह्याच्या नावाचे लघुरूप आहे.

ज्या भूगर्भाने हा सुपीक मुलूख दिला, तोच त्याला हादरेही देतो. जवळच बुर्नी तेलोंग हा सुमारे 2,600 मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे आणि त्याच्या परिसरातील उतारांवरची माती ज्वालामुखीच्या राखेची आहे. सुमात्राच्या कण्यातून गेलेला सुमारे 1,900 किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग याच डोंगरांतून जातो. 2 जुलै 2013 रोजी दुपारी येथे 6.1 तीव्रतेचा, अवघ्या दहा किलोमीटर खोलीवरचा भूकंप झाला. चाळीसहून अधिक माणसे दगावली, हजारो घरांची पडझड झाली आणि केतोल तालुक्यातील सेरेंपाह गावाचा मोठा भाग दरडीबरोबर खाली गेला. जवळपास तेवढ्याच तीव्रतेच्या 1993 सालच्या किल्लारीच्या भूकंपात आपल्याकडे हजारो बळी गेले. तो पहाटे, जाड दगडमातीच्या भिंतींखाली लोक झोपेत असताना झाला. गायो प्रदेशात दुपारची वेळ होती आणि अनेक जण घराबाहेर होते. जुने गायो घर लाकडी खांबांवर उभे, अनेक कुटुंबांना एकत्र सामावणारे आणि हादऱ्याबरोबर डोलू शकणारे असे. ताकेंगोनमध्ये ‘उमाह पितु रुआंग’, म्हणजे सात खोल्यांचे घर, नमुन्यादाखल पाहता येते. राहत्या वस्तीत मात्र विटा आणि सिमेंट यांनी त्याची जागा घेतली आहे.

सरोवराकडे वळले की गोष्ट बोटभर लांबीच्या एका माशावर येते. देपिक हा रुपेरी मासा फक्त लाउत तावरमध्ये सापडतो. त्याचे शास्त्रीय नाव रास्बोरा तावारेन्सिस हे सरोवरावरूनच पडले. पावसाळी, वाऱ्याच्या महिन्यांत तो अंडी घालण्यासाठी काठाकडे, जेथे झऱ्यांचे थंड आणि स्वच्छ पाणी सरोवरात उतरते तेथे येतो. काठावरच्या लोकांनी ही सवय ओळखून दगडांचे अरुंद पाट रचले आणि त्यांच्या तोंडाशी सापळे लावले. या रचनेला ‘देदेसेन’ म्हणतात. मोठ्या कौशल्याची ही पद्धत आहे, पण ती अंड्यांनी भरलेला मासाच नेमका पकडते, हे तिचे दुखणेही आहे. त्यात बारीक आसांची जाळी, बाहेरून आणून सोडलेले तिलापिया आणि कार्प, काठावरचे सांडपाणी यांची भर पडली आणि देपिक दुर्मीळ होत गेला.

तापमान वाढत असल्यामुळे कॉफीच्या फळात भोक पाडणारा भुंगेरा आता पूर्वीपेक्षा वरच्या मळ्यांपर्यंत पोहोचू लागला आहे, आणि शेतकरी नवी रोपे चढावर, जंगलाच्या कडेला लावत आहेत. त्या चढावरची झाडी गेली, तर खालच्या झऱ्यांचे पाणी आटते किंवा गढूळ होते. देपिकला ते पाणी थंड आणि नितळच लागते, आणि सरोवराच्या बाहेर जाण्यासाठी त्याला दुसरी जागा नाही.