कुड्याची साल आणि लचके तोडणारा अमिबा

पावसाळा लागून पंचगंगेचं पाणी गढूळ झालं की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो, ‘कुड्याची साल उगाळून घ्या, कसलीबी आव एका दिवसात बंद, साईड इफेक्ट झिरो’. आता कुडा काही थोतांड नाही, आमची आज्जी ताकात उगाळून द्यायची, इतकं कडू की त्यापेक्षा मुरडा परवडला. पण ‘कसलीबी आव’ इथंच घोळ आहे.

कारण रक्ती आव शिगेला नावाच्या बॅक्टेरियानं पण होते (जपानच्या कियोशी शिगांनी १८९७ साली शोधला) आणि एंटअमिबा हिस्टोलिटिका या एकपेशीय अमिबानं पण. हा दुसरा गडी भारी आहे. हिस्टोलिटिका म्हणजे ऊती विरघळवणारा, म्हणजे आधी पेशी मारतो नि मग गिळतो असंच बरीच वर्षं मानत होते, पण २०१४ मध्ये मायक्रोस्कोपखाली दिसलं की हा जिवंत पेशीचेच लचके तोडतो! आतड्याच्या पेशीवर गॅलॅक्टोज ही साखर असते, अमिबाच्या अंगावरचं लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रथिन) त्या साखरेला धरतं, मग एकेक घास, प्रत्येक घासाला पेशीचं आवरण फाटतं, आत कॅल्शियम वाढतं आणि शेवटी पेशी मरते. मेली की हा तिला टाकून पुढच्या पेशीकडं, पोपट कसा अर्धे कुरतडलेले पेरू टाकत जातो तसं.

कुड्याच्या सालीत कोनेसिन हे अल्कलॉइड असतं, ते या अमिबावर चालतं, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरसुद्धा ‘कुर्ची’ नावानं सालीची औषधं द्यायचे. पण कोनेसिननं झोप उडणं, गरगरणं असले त्रास व्हायचे, म्हणजे ते ‘झिरो’ गेलंच. पुढं मेट्रोनिडाझोल आलं आणि कुर्ची मागं पडली. त्या गोळीनंतर आतड्यातल्या उरलेल्या सिस्टसाठी दुसरं औषध घ्यावं लागतं ते लोक विसरतात. सिस्ट म्हणजे चार केंद्रकांची कवचातली अवस्था, नळाच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनलाही दाद देत नाही, उकळलं की मात्र संपते. ताप, रक्त असेल तर आधी शौचाची तपासणी करा बाबांनो, उगाळायचं नंतर बघू.

आणि साल तरी औषधी, म्हणजे पांढऱ्या कुड्याचीच कशावरून? बाजारात काळ्या कुड्याची साल तिच्यात मिसळून विकतात, आणि एकदा वाळली की आपल्याला काय ओळखणार. राधानगरीकडं झाड दिसलं तर शेंगा बघा, दोन्हीला जोडीनंच लागतात, पण काळ्या कुड्याच्या टोकाशी चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या.